ऐकणारीच्या शोधात

१९७९ साली सेनेगलची राजधानी डाकार इथल्या एका प्रकाशनसंस्थेने मारियामा बा या शिक्षिकेची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. बाईंचे वय तेव्हा पन्नास. कादंबरीचे नाव 'इतके दीर्घ पत्र'. नवरा वारल्यानंतर इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढणारी रामातुलाये परदेशी असलेल्या जिवलग मैत्रिणीला, ऐसातूला, पत्र लिहिते. ते पत्र हीच सगळी कादंबरी. बारा मुलांच्या आईला वाऱ्यावर सोडून लेकीच्या मैत्रिणीशी दुसरे लग्न लावणारा नवरा, त्याच्या मृत्यूनंतर उघडकीला आलेली कर्जे, चाळिसावा होताच तिच्यावर हक्क सांगत आलेला दीर आणि त्या दिराला तिने तोंडावर दिलेला नकार, एवढाच ऐवज. पण १९८० मध्ये आफ्रिकी पुस्तकांसाठीचे नोमा पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा ते या कादंबरीला मिळाले. पुढच्याच वर्षी मारियामा बा गेल्या. त्यांची दुसरी कादंबरी त्यांच्या पश्चात आली.

ही कादंबरी वाचताना एक प्रश्न सतत सोबत राहतो. रामातुलाये हे सगळे कोणाला सांगते आहे? न्यायासनाला नाही, सरकारला नाही, पॅरिसमधल्या वाचकालाही नाही. तिच्यासारखेच भोगलेल्या आणि नवऱ्याने सवत आणताच घर सोडून गेलेल्या बाईला ती सांगते आहे. तिला काही समजावून द्यावे लागत नाही. आपली बाजू सिद्ध करावी लागत नाही. म्हणून ती मोकळी बोलते आणि बोलता बोलता स्वतःलाच उमगत जाते.

वसाहतींतल्या लेखिकांच्या फ्रेंच कादंबऱ्यांवरच्या या संग्रहातले सगळे लेख याच प्रश्नाभोवती गुंफलेले आहेत. वसाहतीतल्या स्त्रिया मुक्या होत्या आणि लेखिकांनी त्यांना वाचा दिली, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही. बायका बोलतच होत्या: विहिरीवर, शेतात, बाळंतिणीच्या खोलीत, मयताच्या घरी. त्यांचे बोलणे टिपून ठेवावे, साक्ष म्हणून धरावे, साहित्य म्हणून वाचावे असे मात्र कोणाला वाटले नव्हते. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या या लेखिकांचा सर्वांत खोल प्रतिकार इथे आहे. त्यांनी कादंबरीच्या आतच एक ऐकणारी उभी केली. कधी ती मैत्रीण असते, कधी मेलेली आई, कधी दोनशे-तीनशे वर्षांनी जन्मलेली दुसरी लेखिका. (पुस्तकांची नावे इथून पुढेही मूळ फ्रेंचऐवजी मराठी अर्थाने दिली आहेत.)

या क्षेत्राचा नकाशा बराच पसरलेला आहे. गुलामांच्या उठावातून १८०४ मध्ये स्वतंत्र झालेला हैती त्यात आहे. आजही फ्रान्सचाच भाग असलेली ग्वादलूप आणि मार्तिनिक ही कॅरिबियन बेटे आहेत. १८३० पासून १९६२ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात राहिलेला अल्जीरिया आणि त्याच्या दोन बाजूंचे मोरोक्को व ट्युनिशिया आहेत. सेनेगल, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट असे १९६० या एका वर्षात स्वतंत्र झालेले आफ्रिकी देश आहेत. बेल्जियमच्या अमलातून फ्रेंच मिळालेले रवांडा आणि काँगो आहेत. हिंदी महासागरातला मॉरिशस आहे, आणि व्हिएतनामसारखा आशियाई प्रदेशही आहे. या सगळ्यांना जोडणारा धागा एका भाषेचा, आणि ती भाषा कोणी, कशी, कोणावर लादली याच्या इतिहासाचा.

फ्रेंच वसाहतवादाचा दावा होता की फ्रेंच शिकलेला माणूस फ्रेंचच होतो. प्रत्यक्षात शाळेचे दार फार थोड्यांना उघडले आणि मुलींना तर फारच उशिरा. संपूर्ण फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतल्या मुलींसाठी सेनेगलमधल्या र्‍युफिस्क गावी शिक्षिका घडवणारे विद्यालय निघाले ते १९३८ साली. मारियामा बा तिथेच शिकल्या. अशा मूठभर मुलींच्या हाती फ्रेंच आली तेव्हा तिच्याबरोबर एक अवघड जागाही आली. साहेबाच्या लेखी त्या 'देशी' होत्या आणि घरच्यांच्या लेखी साहेबाच्या शाळेत बिघडलेल्या. एकीकडे वसाहतीची सत्ता आणि दुसरीकडे स्वातंत्र्यलढ्याच्या नावाखाली 'आता घरचे प्रश्न काढू नका' असे बजावणारे आपलेच पुरुष. या दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढणे हे या साहित्याचे मूळ लक्षण आहे.

या परंपरेची सुरुवात बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय अस्मितेच्या नेग्रित्यूद चळवळीपासून सांगितली जाते आणि तिथे तीन नावे येतात: एमे सेझेर, लेओपोल्ड सेंगोर, लेओं दामास. तिघेही पुरुष. पण त्यांच्याही आधी मार्तिनिकहून पॅरिसला शिकायला आलेल्या पोलेत नार्दाल आणि त्यांच्या बहिणी क्लामार इथल्या आपल्या घरी कृष्णवर्णीय लेखक-विचारवंतांना एकत्र बसवत होत्या. १९३१-३२ मध्ये त्यांनी फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतले एक नियतकालिक चालवले. वंशाच्या जाणिवेची मांडणी तिथे सुरू झाली होती. पुढे १९४१ ते १९४५ या काळात मार्तिनिकमध्ये निघणाऱ्या 'त्रोपिक' नियतकालिकात स्युझान सेझेर यांनी लिहिलेले निबंध धारदार आहेत. तरी साहित्याच्या इतिहासात त्या दीर्घकाळ 'सेझेर यांच्या पत्नी' एवढ्यापुरत्याच उरल्या. १९४८ मध्ये मायोत कापेसिया यांची 'मी मार्तिनिकची' ही कादंबरी आली. गोऱ्या माणसाच्या प्रेमाची आस धरणारी तिची नायिका फ्रान्झ फानों यांनी १९५२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात आत्मद्वेषाचे उदाहरण म्हणून उभी केली. त्या बाईच्या वर्तनामागे गरिबी किती, रंगावरून ठरणारी किंमत किती, याचा विचार फानों यांनी पुरेसा केला नाही, असे पुढच्या स्त्री-अभ्यासकांनी दाखवून दिले. मोठ्या मुक्तिवादी विचारवंताच्याही नजरेतून बाईचा कोपरा सुटू शकतो, हे या वादातून ठळक झाले.

पुरुषांनी लिहिलेल्या साहित्यात स्त्री नव्हती असे नाही. सेंबेन उस्मान यांची १९६० ची 'देवाच्या लाकडाचे तुकडे' ही कादंबरी १९४७-४८ च्या डाकार-नायजर रेल्वे संपावर आहे, आणि तियेस ते डाकार चालत निघालेल्या बायकांचा मोर्चा हा तिचा कणा आहे. हे चित्रण सच्चे आणि सहृदय आहे. तरी तो मोर्चा आपल्याला दिसतो तो बाहेरून. चालणाऱ्या बाईच्या मनात काय चालले होते, हे तिने स्वतः सांगायला अजून दोन दशके जायची होती.

ती वेळ सत्तरच्या दशकात आली. १९७८ मध्ये सेनेगलच्या आवा तियाम यांनी आफ्रिकी बायकांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक काढले. बहुपत्नीत्व, लैंगिक अवयवांचे छेदन, सक्तीची लग्ने यांबद्दल बायका त्यात आपल्या तोंडाने बोलल्या. १९७९ मध्ये मारियामा बा यांच्याबरोबरच आमिनाता सो फाल यांची 'भिकाऱ्यांचा संप' ही कादंबरी आली. पर्यटकांसाठी शहर स्वच्छ दिसावे म्हणून भिकाऱ्यांना हुसकावणारा अधिकारी पुढे मोठ्या पदासाठी दानधर्म करायला निघतो, तर दान घ्यायलाच कोणी मिळत नाही. साल्ला नियांग या बाईच्या पुढाकाराने भिकाऱ्यांनी संप पुकारलेला असतो. दान देणाऱ्यालाच घेणाऱ्याची गरज जास्त असते, हे उघडे करणारी ही गोष्ट पुढे राजकीय कादंबरी म्हणून गाजली. १९८२ मध्ये केन बुगुल यांनी 'वेडा बाओबाब' या आत्मकथनात्मक कादंबरीत शिष्यवृत्तीवर बेल्जियमला गेलेल्या मुलीचे तुटणे निर्भयपणे लिहिले. 'आपले पूर्वज' म्हणून शाळेने शिकवलेले युरोपीय लोक तिथल्या रस्त्यावर तिला ओळखतच नाहीत, हा तो धक्का. कॅमेरूनच्या कालिक्स्त बेयाला यांनी १९८७ पासून गरीब वस्तीतल्या बाईच्या देहाबद्दल इतक्या थेट भाषेत लिहिले की आफ्रिकेतले बरेच वाचक बिथरले.

उत्तर आफ्रिकेत या सगळ्याला वेगळे वळण मिळाले, आणि त्यासाठी आसिया जेबार यांच्यापाशी थांबले पाहिजे. १९३६ मध्ये शेर्शेल इथे जन्मलेल्या जेबार शिक्षक वडिलांचे बोट धरून शाळेत गेल्या. १९५५ मध्ये त्या फ्रान्सच्या सेव्हर इथल्या नामांकित एकोल नोर्माल सुपेरियरमध्ये दाखल झाल्या आणि १९५७ मध्ये पहिली कादंबरी छापली. मात्र १९६७ नंतर दहा-बारा वर्षे त्यांनी एकही नवी कथा-कादंबरी प्रसिद्ध केली नाही. या काळात त्या कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आपल्या आजोळच्या शनुआ डोंगरातल्या शेतकरी बायकांकडे गेल्या. स्वातंत्र्ययुद्धात ज्यांनी सैनिकांना जेवू घातले, लपवले, ज्यांची घरे जाळली गेली, अशा त्या बायका. त्यांच्या बोलण्यातून आधी एक चित्रपट तयार झाला आणि मग १९८५ मध्ये 'प्रेम, फँटेसिया' ही कादंबरी.

ही कादंबरी म्हणजे या क्षेत्राचे एक शिखर. एका बाजूला १८३० च्या स्वारीचे फ्रेंच अधिकाऱ्यांनी लिहिलेले वृत्तान्त आहेत. १८४५ मध्ये दाहराच्या गुहांत आश्रय घेतलेल्या टोळीला कर्नल पेलिसिए याने तोंडाशी जाळ लावून गुदमरवून मारले, त्याचे अहवाल आहेत. दुसऱ्या बाजूला शनुआच्या बायकांच्या साक्षी आहेत. मध्ये लेखिकेचे स्वतःचे बालपण आहे. मारेकऱ्याच्याच कागदपत्रांतून जेबार मेलेल्यांना शोधतात, आणि ते शोधताना आपणही त्या मारेकऱ्याच्या भाषेत लिहितो आहोत ही जाणीव एका ओळीसाठीही सोडत नाहीत. आपण या बायकांच्या 'वतीने' बोलत नाही, त्यांच्या शेजारी बसून बोलतो, ही त्यांची भूमिका होती. २००५ मध्ये त्या फ्रेंच अकादमीवर निवडून आल्या. तोवर त्यांच्या पाठोपाठ मलिका मोकेद्देम, नीना बुरावी, लैला सेब्बार, माईसा बे अशी लेखिकांची फळी उभी राहिली होती. नव्वदच्या दशकात अल्जीरिया हिंसाचारात होरपळला, तेव्हा लिहिणे हाच ज्यांच्या जिवाला धोका होता, अशांपैकी यांतल्या काही होत्या.

कॅरिबियन बेटांवर प्रश्न उभा राहतो स्मृतीचा. गुलामीत आणलेल्यांचे मूळ नाव, भाषा, कुळ सगळे पुसले गेले होते. कागदोपत्री ते मालमत्ता म्हणून नोंदले गेले. १८४८ मध्ये गुलामी संपली तरी नोंदी त्याच राहिल्या. तेव्हा इतिहास सांगणार कोण? सिमोन श्वार्झ-बार यांनी १९७२ च्या 'तेल्युमे मिराक्लवरचा पाऊस आणि वारा' या कादंबरीत आजी-पणजीपासून चालत आलेल्या बायकांच्या साखळीला हे काम दिले. तेल्युमे ऊसतोडीत राबते, नवऱ्याचा मार खाते, वेड्यासारखी होते आणि पुन्हा उभी राहते. तिला उभे करते ती 'बिननावाची राणी' म्हणून ओळखली जाणारी तिची आजी. क्रिओल बोलीची लय आणि म्हणी फ्रेंच वाक्यात अशा मुरलेल्या आहेत की ही फ्रेंच ग्वादलूपचीच वाटते.

मारीझ कोंदे यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावी चेटकिणी म्हणून बायकांवर खटले चालले, त्यांत तितुबा नावाची एक गुलाम बाई होती. तिची जबानी दप्तरात सापडते. त्यानंतर तिचे काय झाले, याचे सोयरसुतक इतिहासाला नव्हते. १९८६ च्या 'मी, तितुबा' या कादंबरीत कोंदे यांनी तिला आई दिली, बार्बाडोसमधले बालपण दिले, शरीराची भूक दिली, बंड आणि मरणही दिले. दप्तराने जिथे हात झटकले तिथे कादंबरीने काम हाती घेतले. कोंदे यांना २०१८ मध्ये 'पर्यायी नोबेल' म्हणून गाजलेले पारितोषिक मिळाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

हैतीच्या मारी व्हिय-शोवे यांची कथा या प्रतिकाराची किंमत दाखवते. १९६८ मध्ये पॅरिसच्या गालिमारने त्यांची 'प्रेम, संताप, वेड' ही तीन लघुकादंबऱ्यांची माला छापली. द्युव्हालिएच्या हुकूमशाहीत त्या पुस्तकामुळे घरादारावर संकट येईल या भीतीने पुस्तक वितरणातून काढून घेतले गेले. लेखिकेला न्यूयॉर्कमध्ये परागंदा व्हावे लागले आणि १९७३ मध्ये तिथेच त्या वारल्या. पुस्तक रीतसर पुन्हा वाचकांच्या हाती यायला २००५ साल उजाडले.

मराठी वाचकाला या नकाशात सर्वांत जवळचा प्रदेश मॉरिशस. १८३४ पासून गिरमिटिया मजूर म्हणून भारतातून साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात आणि तो दिवस त्या देशात सार्वजनिक सुटीचा आहे. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले तरी फ्रेंच भाषा टिकली, त्यामुळे तेलुगू वंशाच्या आनंदा देवी आणि नताशा अप्पाना फ्रेंचमध्ये लिहितात. अप्पाना यांच्या २००३ च्या पहिल्या कादंबरीत फसवून जहाजावर चढवलेले भारतीय मजूर आहेत. आनंदा देवी यांच्या 'पागली'मध्ये घरच्या अब्रूच्या नावाने कोंडलेली बाई आहे, तर २००६ च्या 'आपल्या अवशेषांतली एव्ह' मध्ये पोर्ट लुईच्या एका भकास वस्तीतली, देहाखेरीज काहीच हाती नसलेली मुलगी आहे. परदेशी गेलेल्या समाजाने आपली संस्कृती जपली, असे आपण अभिमानाने म्हणतो. ती जपण्याची किंमत कोणत्या बाईने दिली, हे आनंदा देवी विचारतात. २०२४ चे नॉयश्टाट पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच बेटावरच्या शेनाझ पटेल यांनी 'शागोसचे मौन' मध्ये अमेरिकेच्या लष्करी तळासाठी आपल्या बेटांवरून हुसकावलेल्या लोकांची गोष्ट सांगितली. त्या हकालपट्टीविरुद्ध पोर्ट लुईच्या रस्त्यावर उतरण्यात बायकाच पुढे होत्या.

१९९४ च्या रवांडातील वंशसंहारानंतर या साहित्यात शोकाची नवी रीत आली. स्कोलास्तिक मुकासोंगा यांचे ३७ कुटुंबीय त्या संहारात मारले गेले. त्या स्वतः आधीच फ्रान्सला गेलेल्या होत्या. मी मेले की माझा देह झाकायचा, असे आई मुलींना सांगत असे. तो झाकायला कोणी उरले नव्हते. २००८ च्या 'अनवाणी बाई' मध्ये मुकासोंगा शब्दांचेच वस्त्र करून आईवर घालतात. आई कसे ज्वारीचे पीक घेई, लेकींची लग्ने कशी जुळवी, सैनिक आल्यास मुलांना लपवण्याच्या जागा कशा तयार ठेवी, हे सगळे त्या बारकाईने नोंदवतात. लेओनोरा मियानो यांची २०१३ ची 'सावलीचा ऋतू' गुलामांचा व्यापार जहाजावरून बघत नाही. एका रात्रीत ज्यांचे मुलगे नाहीसे झाले आणि ज्यांना अपशकुनी म्हणून एका झोपडीत वेगळे बसवले गेले, त्या आयांकडून बघते. तर जाइली आमादू आमाल यांची कादंबरी आधी २०१७ मध्ये कॅमेरूनमध्ये निघाली आणि २०२० मध्ये पॅरिसमधून 'अधीर बायका' या नावाने नव्या रूपात आली. सक्तीचे लग्न, मारहाण आणि सवत यांत सापडलेल्या तिघींना सगळे एकच सांगतात, धीर धर. फ्रान्समधल्या शाळकरी मुलामुलींनी दिला जाणारा गोंकूर पुरस्कार त्या कादंबरीला मिळाला.

हे साहित्य वाचण्याच्याही निरनिराळ्या पद्धती आहेत. पहिली राष्ट्रवादी: तीत बाई म्हणजे मातृभूमीचे रूपक. या वाचनात बाईचे दुःख देशाचे होते, पण तिचे स्वतःचे उरत नाही. दुसरी पाश्चात्त्य स्त्रीवादाची: तिने पितृसत्तेवर बोट ठेवले, पण आफ्रिकी वा मुस्लिम बाईला सरसकट बळी ठरवले. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी ऐंशीच्या दशकात याच सरसकटपणावर प्रखर टीका केली. तिसरी पद्धत निम्नवर्गीयांच्या इतिहासाची. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या १९८८ च्या निबंधाने एक प्रश्न सर्वांसमोर ठेवला: दुसऱ्याच्या वतीने बोलताना आपण त्याला पुन्हा गप्प तर करत नाही? चौथी भाषेच्या अंगाने जाणारी. १९८९ मध्ये मार्तिनिकच्या तीन लेखकांनी क्रिओलपणाचा जाहीरनामा काढला. २००७ मध्ये ४४ लेखकांनी फ्रेंचला पॅरिसच्या मालकीतून सोडवण्याची मागणी केली. यांतली कोणतीही एक पद्धत पुरी पडत नाही, असे आमचे मत आहे. कादंबरी कोणाविरुद्ध आहे, एवढेच विचारले तर उत्तर लवकर मिळते आणि वाचन तिथेच थांबते. ती कोणाशी बोलते आहे, हे विचारले की रचना, भाषा आणि राजकारण एकत्र दिसू लागते.

याच प्रश्नाने या साहित्यातली एक खरी अडचणही उघडी पडते. यांतल्या बहुतेक लेखिका शिकलेल्या घरातल्या. ज्यांच्याबद्दल त्या लिहितात त्या बायकांना फ्रेंच वाचता येत नाही. पुस्तके बहुतेक पॅरिसमध्ये छापली जातात, पारितोषिके तिथेच ठरतात, किंमत युरोत असते. मग ऐकणारी खरोखर कोण? मराठी वाचक हा प्रश्न अधिक टोकदारपणे विचारू शकतो, कारण बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांनी आपले जगणे आपल्याच भाषेत, आपल्याच हाताने लिहिलेले त्याने वाचले आहे. या दोन परंपरांचा एक प्रत्यक्ष दुवाही आहे. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातव्हाँ यांनी हेमा राईरकर यांच्या साथीने खेड्यापाड्यांतून बायकांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' फ्रेंचमध्ये नेले तेही प्वातव्हाँ यांनीच. शनुआच्या डोंगरात जेबार जे करत होत्या, त्याच जातीचे काम सह्याद्रीच्या खेड्यांतही चालू होते.

आज हे पुस्तक का? फ्रेंच भाषेचे जगातले स्थान झपाट्याने बदलते आहे म्हणून. २०२३ च्या नव्या राज्यघटनेने मालीमध्ये फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा गेला. २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तिन्ही देश फ्रेंचभाषक राष्ट्रांच्या संघटनेतून बाहेर पडले. वसाहतवादाविरुद्धचा राग खरा आहे. पण सत्ता हाती असलेले गणवेशधारी पुरुष 'परकी भाषा नको' म्हणतात, तेव्हा त्याच भाषेत घरातल्या अन्यायाविरुद्ध लिहिणाऱ्या बाईचे काय होणार, हाही प्रश्न तितकाच खरा. तिकडे फ्रान्समध्ये गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे २००१ च्या कायद्याने मान्य झाले, पण त्या इतिहासाबद्दल बोलणाऱ्याला आजही 'किती दिवस तेच उगाळणार' असे ऐकावे लागते. या दोन्ही बाजूंना उत्तर देणारे लेखन या कादंबऱ्यांत आधीच झालेले आहे.

या संग्रहाची मांडणी देशवार नाही. पत्र, साक्ष, विलाप, कबुली आणि अनेक आवाजांचे एकत्र निवेदन अशा सांगण्याच्या रीतींनुसार लेख लावले आहेत, म्हणजे डाकार आणि पोर्ट लुई, अल्जीअर्स आणि किगाली एकमेकांशी बोलू शकतील. कविता आणि नाटक मुद्दाम बाहेर ठेवले आहे. व्हिएतनामच्या लेखिकांना आणि कॅनडातल्या आदिवासी लेखिकांना इथे मिळालेली जागा त्यांच्या कामाच्या मानाने कमी आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. लेखकांना आम्ही एकच अट घातली होती: नायिकेला बळी किंवा वीरांगना या दोन खणांपैकी एकात टाकायचे नाही. रामातुलाये नवऱ्याला सोडत नाही, तरी ती हरलेली नाही. तेल्युमे कोणाविरुद्ध उठाव करत नाही, तरी तिचे टिकून राहणे हे कोणी सहज केलेले काम नव्हे.

वाचकांना, आणि विशेषतः फ्रेंच शिकणाऱ्या तरुण वाचकांना, एक विनंती आहे. मुंबई-पुण्यात फ्रेंच शिकणारे पुष्कळ आहेत, पण ती भाषा बहुधा परीक्षा, नोकरी आणि परदेशी शिक्षण यांपुरती वापरली जाते. या लेखिका मराठीत फारशा आलेल्या नाहीत, आणि आल्याच तर त्या इंग्रजीतून वळसा घेऊन येण्याची शक्यता जास्त. तो वळसा टाळता येईल. हे पुस्तक वाचून झाल्यावर यातली एक कादंबरी निवडा, ती मूळ फ्रेंचमध्ये वाचा आणि सरळ मराठीत आणा. सुरुवात 'इतके दीर्घ पत्र'पासून केलीत तर उत्तम. ती फार मोठी नाही, आणि मराठी घरांतल्या बायकांना ती ओळखीची वाटेल.